कोपऱ्यातल्या बाईची तारीख

लुह कर्मिनीला खोटं बोलता येत नसे असं नाही. चोविसाव्या वर्षी सरकारी नोकरीत शिरताना तिने एका अर्जावर सही केली होती. त्या अर्जात घरच्या, नात्यातल्या सगळ्या माणसांची नावं लिहायची होती आणि त्यातला एक माणूस लिहायचा राहिला होता. राहिला म्हणजे तिने राहू दिला. तेव्हापासून दाराशी सरकारी जीप थांबली की ती हातातलं काम टाकून खिडकीच्या फटीतून बघे. जीप शेजाऱ्याकडे आलेली असे, पण दाराची कडी ती संध्याकाळपर्यंत काढत नसे.

एकोणीसशे एक्याण्णव साली ती एकेचाळीस वर्षांची होती. आमच्या बेटाची राजधानी देनपसार, तिथल्या विद्यापीठात ती जुन्या भाषेतली काव्यं शिकवायची. ही भाषा आता कुणी बोलत नाही, पण आमच्या बेटावर ती गायली जाते. एकजण ओळ गातो, शेजारी बसलेला दुसरा ती ओळ आजच्या बोलीत उलगडून सांगतो, बाकीचे मान डोलावतात नाहीतर भांडतात. कर्मिनीचं माहेर क्लुंगकुंगजवळच्या चितारांच्या गावातलं. तिथे हीच काव्यं कापडावर रंगवतात. बाप रेघ काढायचा, आत्या रंग भरायची. रेघ पुरुषाची, रंग बाईचा, हा गावचा कायदा. लहानपणी कर्मिनीच्या वाट्याला कापड घोटायचं काम असे. भाताची पेज लावून वाळवलेलं कापड कवडीने घासघासून गुळगुळीत करायचं. तेवढ्यात ओसरीवर काव्याचं वाचन चालू असलं, तर कान तिकडे.

तिचा प्रबंध ह्याच दोन गोष्टींवर होता. विद्यापीठातली जुनी मंडळी म्हणत, चित्र हा काव्याचा सेवक आहे. कवीने लिहिलं ते चिताऱ्याने दाखवलं, विषय संपला. कर्मिनीचं म्हणणं वेगळं होतं. चितारी हा काव्याचा पहिला टीकाकार. कवीने वीस श्लोकांत वर्णिलेली लढाई तो दोन माणसांत आटपतो आणि कवीने एका शब्दात उडवलेल्या दासीला अर्धं कापड देतो, तेव्हा तो कवीशी वाद घालत असतो. हे तिने तेरा जुन्या कापडांवरून दाखवलं होतं. पण सगळा डोलारा उभा होता तो एका कापडावर, आणि त्यातही एका कोपऱ्यावर.

ते कापड तिच्या गावच्या देवळातलं. जत्रेच्या दिवशी वळचणीला बांधायची लांबलचक पट्टी. राजा युद्ध जिंकून परत येतो, नगरी आनंदाने वेडी होते, असा प्रसंग. काव्यात स्पष्ट म्हटलंय की त्या दिवशी नगरीत एकही डोळा ओला नव्हता. पण पट्टीच्या अगदी डाव्या टोकाला, मिरवणुकीकडे पाठ करून, एक बाई डोळ्यांवर आडवा हात घेऊन बसलेली होती. तिची रेघ बाकीच्या रेघांसारखी ठाम नव्हती. ती कापत होती. कर्मिनीने त्यावर वीस पानं लिहिली होती. अठराव्या शतकातल्या कुणा अनामिक चिताऱ्याने कवीचं सरळसरळ खंडन केलंय आणि रेघ मुद्दाम कापरी ठेवून दुःखाला आकार दिलाय, असं तिने मांडलं होतं. विभागाच्या नियतकालिकात ते प्रकरण आधीच छापून आलं. परदेशातून शिकून आलेल्या तरुण सहकाऱ्याने ते वर्गात शिकवायला घेतलं. 'कापरी रेघ' हा शब्द विद्यार्थ्यांच्या तोंडी बसला.

प्रबंधाच्या पाच प्रती निळ्या पुठ्ठ्यात बांधून परीक्षकांकडे गेल्या. तोंडी परीक्षेला अकरा दिवस उरले असताना गावची जत्रा आली. जत्रा दोनशे दहा दिवसांनी येते. एरवी ती पट्टी पेटीत बंद. कर्मिनीकडे खालून काढलेले दोन धुरकट फोटो होते. परीक्षेत पडद्यावर दाखवायला एक स्वच्छ रंगीत फोटो असावा म्हणून ती उसना कॅमेरा घेऊन गावी गेली.

पुजाऱ्याने शिडी दिली. ती वर चढून त्या कोपऱ्याशी पहिल्यांदाच नाकाला नाक लावून उभी राहिली. कापड तिथे वेगळं होतं. विणकर वेगळा, धागा जाड. जोडाचे टाके इतके बारीक होते की खालून दिसणं शक्य नव्हतं. तिने स्वतःला सांगितलं की जुनी दुरुस्ती असेल, दीडशे वर्षांपूर्वीची. तरी तिने त्या टाक्यांवरून बोट फिरवून पाहिलं.

"काय गं, घरात भिंतीवर लावायला फोटो काढतेस का माझा?"

खाली रेन्ती आत्या उभी होती. डोक्यावर नैवेद्याची फळांची रास, कंबर वाकलेली, तोंडात पान. आत्या तेव्हा बासष्टची होती आणि गावात तिची ख्याती अशी की ती देवालाही टोमणा मारायला कमी करत नाही.

"तुझा कुठे, आत्या? ह्या बाईचा."

"तेच म्हणतेय मी. रेघ बघ ना. तुझ्या बापाने बघितली असती तर म्हणाला असता, कोंबडीने पाय पुसलेत."

कर्मिनी शिडीवरून उतरली. आत्याने नैवेद्य देवापुढे ठेवला. मग ती तिला देवळामागच्या भाताच्या कोठाराकडे घेऊन गेली. तिथे कुणी नव्हतं. आत्याने तरी दोनदा मागे वळून पाहिलं.

"पट्टी इथे लपवली होती, त्या वर्षी," ती म्हणाली. "उंदरांनी टोक खाल्लं. जत्रा जवळ आली तशी पुजारी म्हणाले, दुरुस्त करा. तुझा बाप पळून मामाकडे राहिलेला, परत यायचा पत्ता नाही. रेघ काढणार कोण? मग मीच बसले. ठिगळ लावलं, पेज लावली, घोटलं. वर काजळी आणि चहाचं पाणी मारलं, जुनं दिसायला. तिथे आधी एक झाड होतं. मी झाड नाही काढलं."

'त्या वर्षी' म्हणजे कुठल्या वर्षी हे आमच्याकडे विचारावं लागत नाही. पासष्टच्या डिसेंबरात कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून माणसं घरातून नेली जात होती आणि परत येत नव्हती. आत्याचे यजमान, न्योमान पुग्रा, शाळामास्तर होते. एका दुपारी दोघं ओळखीचे आणि चार अनोळखी आले. मास्तरांनी पायात चपला घातल्या, "मुलांच्या वह्या तपासायच्यात, लवकर येतो" म्हणाले, आणि गेले. त्या दिवसानंतर त्यांचं नाव घरात मोठ्याने घेतलं गेलं नाही. कर्मिनीला तेव्हा उत्तरेच्या सिंगराजा शहरात मावशीकडे पाठवलं होतं. तिने अर्जात न लिहिलेला माणूस तो हाच; नेलेल्यांच्या नातलगांना सरकारी नोकरी मिळत नसे.

"पण आत्या, बाईच का काढलीस?"

आत्याने पान थुंकलं. "वाचनाला तू बसायचीस की ओसरीवर. ह्या ओळीला ते काय विचारायचे?"

कर्मिनीला आठवलं. अगदी लख्ख आठवलं. मास्तर वाचनमंडळात अर्थ सांगायला बसत. गाणाऱ्याने 'एकही डोळा ओला नव्हता' ही ओळ संपवली की ते मान वर करत आणि म्हणत, "कवी राजाच्या पंगतीला जेवलाय, त्याला असं लिहावंच लागणार. पण मंडळी, लढाईला दहा हजार गेले, परत आले सहा हजार. उरलेल्या चार हजारांच्या बायका त्या दिवशी कुठे बसल्या होत्या?" म्हातारे हसत. एखादा म्हणे, "मास्तर, तुम्ही काव्याची मजा घालवता बुवा." आणि पंधरा वर्षांची कर्मिनी हातातली कवडी थांबवून विचारात पडे. तिने पुढे हा विषय घेतला, त्याचं श्रेय मात्र तिने प्रस्तावनेत विद्यापीठाला, मार्गदर्शकांना, आईवडिलांना दिलं होतं; मास्तरांना नाही.

"मी तुझं नाव घालू का प्रबंधात?" तिने विचारलं.

"घाल आणि बस घरी, माझ्यासोबत फळं रचत. नोकरी तुझी जाईल, नवऱ्याचीही जाईल." आत्याने पुन्हा एकदा मागे वळून पाहिलं. "माझं नाव नको घालूस. पण लुह, एक सांगते. ती बाई कुणा दोनशे वर्षांपूर्वीच्या मेलेल्या म्हाताऱ्याच्या नावावर चढवू नकोस. प्रश्न ह्यांचा होता. सगळं नेलं त्यांचं, तेवढा तरी दुसऱ्याला देऊ नकोस."

त्यानंतरचे दहा दिवस कर्मिनीला अन्न गोड लागलं नाही. भात चिवडायचा आणि उठायचं. शिकवताना फळ्यावर तारीख लिहायला गेली की हात अडे. तिची पद्धतच अशी होती की आधी काळ ठरवायचा, मग अर्थ लावायचा. विद्यार्थ्यांना ती दहादा बजावत असे की तारीख चुकली तर अर्थ म्हणजे नुसत्या गप्पा. आणि इथे तिने तारीख दोनशे वर्षांनी चुकवली होती. ज्या कापऱ्या रेघेला ती मुद्दाम घडवलेली शैली म्हणत होती, ती रंग भरणाऱ्या बाईने आयुष्यात पहिल्यांदा काढलेली रेघ होती. हात कापत होता, बस. तरुण सहकारी व्हरांड्यात भेटला आणि, बाईंना मानाने 'बू' म्हणतात तसं, म्हणाला, "बू कर्मिनी, कापऱ्या रेघेवर मी दोन विद्यार्थ्यांना निबंध दिलेत." तिने हसून मान हलवली आणि वर्गाकडे वळली.

नवऱ्याला तिने चौथ्या दिवशी सांगितलं. सुदार्ता तालुक्याच्या कचेरीत कारकून होता. सरळ माणूस, पण घाबरट. आणि त्या काळात घाबरट असणं हे शहाणपणच होतं.

"दुरुस्ती कधीची म्हणून विचारतील, तू साल सांगशील," तो म्हणाला, "आणि मग दुरुस्ती करणारी कोण, तिचा नवरा कुठे, आणि तू अर्जात काय लिहिलंस. एका धाग्याला धरलं की सगळं लुगडं निघतं, कळतंय का?"

"कळतंय, ब्ली." आमच्याकडे बायको नवऱ्याला अशीच हाक मारते.

"मग गप्प बस. पंचवीस वर्षं आत्या गप्प बसली, तुला एक तास नाही जमणार?"

"ती गप्प बसली नाही ना पण," कर्मिनी म्हणाली. "देवळात टांगून ठेवलंय तिने."

सुदार्ताने चहाचा पेला खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी त्याने लाकडी पेटीतून तिच्या त्या अर्जाची प्रत काढून कुठेतरी नेऊन ठेवली. कुठे ते तिने विचारलं नाही.

मार्गदर्शक पाक रेका, पाक म्हणजे सर, साठीचे होते. ताडपत्रांच्या पोथ्या वाचण्यात त्यांचा हात धरणारा बेटावर कुणी नव्हता. परीक्षेच्या दोन दिवस आधी कर्मिनी त्यांच्या घरी गेली आणि म्हणाली, "पाक, त्या डाव्या कोपऱ्याची तारीख चुकलीय. हात अलीकडचा आहे."

"किती अलीकडचा?"

"ज्याचा हात आहे ते माणूस जिवंत आहे."

पाक रेका उठले आणि त्यांनी खिडकी लावून घेतली. दिवसाउजेडी, उकाड्यात. "नाव सांगू नका," ते म्हणाले. "मी विचारलेलं नाही, तुम्ही सांगितलेलं नाही. पुस्तकं बांधून झालीत. बाहेरचे परीक्षक जावा बेटावरून येतायत, त्यांनी तुमचं देऊळ कधी पाहिलेलं नाही. कुणी विचारणार नाही."

"आणि विचारलं तर?"

"तर बू कर्मिनी, तुम्हाला माहीत नाही. 'माहीत नाही' हे विद्वानाचं सगळ्यात मोठं वाक्य आहे. मी तीस वर्षं त्याच्यावर काढली." ते हसले, पण त्यांचे डोळे हसत नव्हते. निरोप देताना त्यांनी एकदम विचारलं, "अर्थ तरी बरोबर आहे का तुमचा? ती बाई कवीला उत्तर देतेय, हे?"

"ते बरोबर आहे. मला वाटलं होतं त्याहून जास्त बरोबर आहे."

"मग वाईट झालं," पाक रेका म्हणाले.

परीक्षा सकाळी दहाला होती. सभागृहात चाळीसेक माणसं. मागच्या बाकावर सफारी घातलेला एक गृहस्थ बसला होता. अशा कार्यक्रमांना एखादा तसा असायचाच, आणि तो कुणाचा हे कुणी विचारत नसे. कर्मिनीची नजर पुनःपुन्हा तिकडे जाई. पहिला पाऊण तास बरा गेला. बारा कापडांवर तिने न अडखळता उत्तरं दिली. मग पडद्यावर ती बाई आली.

जावाहून आलेले पाक विदग्दो किडकिडीत होते, बोलायचे इतकं हळू की सगळ्यांना पुढे झुकावं लागे. ते म्हणाले, "हे प्रकरण मला सगळ्यात आवडलं. म्हणून एकच शंका. सबंध पट्टीत डोळ्याभोवतीची रेघ बाहेरून आत येते. ह्या बाईची आतून बाहेर जाते. चुकून झालं म्हणावं, तर शिकलेल्या हाताकडून अशी चूक होत नाही. चिताऱ्याने मुद्दाम रेघ कापरी केली असेल, पण दिशा कशी बदलेल?"

पाक रेका टेबलाकडे पाहत होते. 'माहीत नाही' हे दोन शब्द कर्मिनीच्या जिभेवर आलेले होते. तिने पाण्याचा पेला उचलला, न पिताच खाली ठेवला आणि ती म्हणाली, "पान एकशे बारा ते एकशे एकतीस मी मागे घेते."

सभागृहात खुसपुस झाली. तरुण सहकारी अर्धवट उभा राहिला आणि बसला.

"कारण?" पाक विदग्दोंनी विचारलं.

"मी काळ चुकवला. हा कोपरा नंतर लावलेला आहे. उंदरांनी खाल्लेल्या जागी. काढणारा हात चिताऱ्याचा नाही, रंग भरणाऱ्या बाईचा आहे. परीक्षेच्या अकरा दिवस आधी मला हे कळलं."

"दुरुस्ती कुठल्या साली झाली?"

"सहासष्ट."

खुसपुस थांबली. कर्मिनीने मागच्या बाकाकडे पाहिलं नाही. तिला वाटलं, आता दार उघडेल. दार उघडलं नाही.

पाक विदग्दोंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "त्या बाईंनी हे स्वतःच्या मनाने काढलं," त्यांनी विचारलं, "की हा अर्थ त्यांना कुणाकडून मिळाला?"

"वाचनाला अर्थ सांगणारे एक होते. त्यांचा हा प्रश्न असायचा. ह्या ओळीला."

"ते आता..."

"नाहीत."

"वेळ संपली," पाक रेका जरा जास्तच मोठ्याने म्हणाले. घड्याळात अजून बारा मिनिटं होती.

निकाल लागला. ते प्रकरण सहा महिन्यांत नव्याने लिहिण्याच्या अटीवर पास. जेवणाच्या वेळी पाक विदग्दो भाताची पानात बांधलेली पुडी घेऊन तिच्याजवळ आले आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, "माझ्या थोरल्या भावालाही जुन्या ओळींचे अर्थ सांगायची सवय होती." एवढंच. मग ते मिरचीच्या चटणीबद्दल बोलू लागले.

कर्मिनीने प्रकरण पुन्हा लिहिलं. नावं नव्हती, गाव नव्हतं, सालही 'विसाव्या शतकाचा उत्तरार्ध' असं पुसट केलेलं. पण काव्य, मौखिक अर्थ आणि चित्र ही साखळी तिने कडी कडी करून दाखवली होती: ओसरीवर विचारलेला प्रश्न कापडावर कसा उतरला, आणि कापडावरून पुन्हा विद्यापीठात कसा आला. तिच्या लिखाणातलं ते सर्वांत चांगलं, असं पुढे पुष्कळांनी म्हटलं. लिहिताना मात्र तिला प्रत्येक वाक्यानंतर दाराकडे बघावंसं वाटे.

जीप आली नाही. पण तिची बढतीची फाईल आठ वर्षं हलली नाही आणि कारण कुणी सांगितलं नाही. कचेरीतून एकदा एक माणूस आला; त्याने सुदार्ताला फक्त घराचा नकाशा विचारला, रस्ता रुंद करायचाय म्हणून. सुदार्ता तीन दिवस आजारी पडला. आत्याला हे सगळं कळलं तेव्हा ती म्हणाली, "माझ्या एका बाईने किती पुरुषांना घाम फोडला बघ!" पण त्यानंतर ती कर्मिनीच्या घरी येईनाशी झाली. आपल्या येण्याने कुणाचं लक्ष नको जायला, म्हणून. शहाण्णवला ती गेली. शेवटच्या आजारातही कर्मिनीने तिला देवळामागे ऐकलेलं पुन्हा एकदा नीट सांग, मी टिपून घेते, असं म्हणायचं धाडस केलं नाही. तिला त्याची चुटपुट कायमची लागली.

अठ्ठ्याण्णवमध्ये राजवट बदलली. लोक हळूहळू, घरात, मग दारात, मग रस्त्यात बोलू लागले. दोन हजार एकमध्ये प्रबंध पुस्तकरूपाने निघाला तेव्हा त्या प्रकरणात दोन नावं, गाव आणि साल होतं. मुद्रितं सुदार्ताने तपासली. मास्तरांच्या शाळेचं नाव चुकलं होतं, ते त्यानेच दुरुस्त केलं. "मी तिथेच शिकलो ना," तो म्हणाला. लग्नाला पंचवीस वर्षं झाली होती आणि हे त्याने पहिल्यांदा सांगितलं.

पुस्तक निघून चार महिने झाले आणि बेटाच्या पूर्वेकडच्या करंगासमहून एका बाईचं पत्र आलं. अक्षर शाळेतल्या मुलीसारखं, कागद वहीचा. तिचे वडीलही वाचनाला अर्थ सांगत असत. तेही त्या वर्षी गेले. ती तेव्हा सहा वर्षांची होती. तिने लिहिलं होतं: माझे वडील पुग्रा मास्तरांबरोबर दोन-तीनदा बसले होते असं ऐकते. तुम्ही तेव्हा तिथे होतात. माझे वडील कुठल्या ओळीला काय म्हणाले, काही आठवतं का?

कर्मिनीला आठवत नव्हतं. तिने दोन दिवस आठवून पाहिलं, ओसरीवरच्या एकेका माणसाचा चेहरा डोळ्यांपुढे आणून पाहिला. शेवटी तिने उत्तर लिहिलं की मला आठवत नाही, पण त्या मंडळात गाणारे एकजण अजून हयात आहेत, ऐंशीचे आहेत, आपण दोघी मिळून त्यांच्याकडे जाऊ. पत्र पोस्टात टाकलं आणि घरी येऊन तिला काळजी लागली की तेवढ्यात म्हातारे गेले तर. म्हणून उत्तराची वाट न पाहता तिने त्यांना भेटायला जाण्याचा दिवस पक्का केला.